खाटेखालचं सामान

लोणार,
सोमवार, १३ जानेवारी १९६४

चि. सौ. सिंधू,

तुझ्या अंबूवहिनीचा आशीर्वाद तुला आणि दोन्ही पोरींना. शालिग्रामरावांना नमस्कार सांग.

उद्या संक्रांत. तिळगूळ टपालानं धाडला तर मुंग्याच खातात, म्हणून नुसतं गोड बोलणं पाठवते आहे. तेही मला फारसं जमत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

बातमी अशी की माझ्या पोटात गाठ निघाली. दोन वर्षं मी तिला वायगोळा समजून ओवा खात होते. मेहकरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि तुझ्या दादाला म्हणाले, नारळाएवढी आहे, फार दिवस ठेवू नका, बुलढाण्याला नेऊन काढून टाका. दादानं एसटीत तिकिटाच्या घड्या घालून घालून त्याचा चुरा केला. मळ्याच्या बांधावर आलो तेव्हा म्हणाला, "मंग वांग्याचा तोडा कोण करीन?" तुझाच भाऊ तो. त्याच्या काळजीला तोंड असंच फुटतं. दहा फेब्रुवारीला भरती व्हायचं आहे. दहा-बारा दिवसांचं काम म्हणतात.

आता गंमत बघ. आजवर गावात कोणाला दवाखाना लागला की माणसं आधी माझ्या दारात यायची. "अंबूबाई, सोबतीले चाल." सासूबाईंचा मोतीबिंदू, मामंजींचा अंतर्गळ, धाकट्या जावेचं बाळंतपण, तुझं ते सगळं, आणि दोन वर्षांमागे शेजारच्या रुखमाबाईचा मोडलेला हात. मधल्या आणखी दोघी धरल्या तर सात वेळा मी त्या दवाखान्यात खाटेखाली सतरंजी टाकून राहिले. कोणत्या नळाला सकाळी आधी पाणी येतं आणि मागच्या कडुनिंबाखाली कोणत्या चुलीला वारा लागत नाही, हे मला झोपेतून उठवून विचार.

आणि तरी मी तुला विचारते आहे, की काय काय सामान न्यावं? का विचारते ते मलाही नीट सांगता येणार नाही. पिशवी काढून ओट्यावर ठेवली आहे, दोन दिवस झाले, तिच्याकडे पाहते आणि दुसऱ्या कामाला लागते. सात वेळा अर्ध्या घटकेत भरली होती. या वेळी हात चालत नाही. थकले असेन.

तुमच्या मोताळ्याहून घाट चढला की बुलढाणा आलंच, म्हणून तुला जास्त माहिती असेल असं धरते. सोबतीचं म्हणशील तर होईल काहीतरी. सून आहे घरात.

उत्तर धाडावं.

तुझी वहिनी
अंबू


मोताळा,
मंगळवार, २१ जानेवारी

ती. सौ. वहिनी,

सिंधूचा नमस्कार. पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. दोन वर्षं ओवा खात बसलात आणि कोणाला सांगितलं नाहीत. दादाला तरी दिसायला नको का? त्याला वांग्यावरची कीड दिसते.

मला यायला हवं होतं, पण इथलं तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई मांडीचं हाड मोडून चार महिने अंथरुणाला आहेत. त्यांना कुशीवर वळवायलाही मीच लागते. शालू तुमच्यासोबत असेल हे वाचून बरं वाटलं. सून हाताशी असली म्हणजे परक्याचं तोंड पाहायला नको.

सामानाचं तुम्ही मला विचारावं म्हणजे सुगरणीनं मिठाचं विचारावं. पण विचारलंतच तर मला आठवतं तेवढं लिहिते. अंगावर टाके असताना नऊवारी नेसवत नाही, तेव्हा जुनी, मऊ झालेली लुगडी चार घ्या, फाडून अर्धी केलेली चालतील. चोळी समोर गाठ मारायची, तीही सैल. एक लहान उशी, खोकला आला की पोटाशी धरायला. तिचं मोल खोकल्याशिवाय कळत नाही. एक चमचा घ्या. आणि जुन्या लुगड्याची लांब, दुहेरी पट्टी घ्या. ती खाटेच्या पायथ्याच्या गजाला बांधायची आणि धरून उठायचं. मला तिथल्या एका म्हातारीनं शिकवलं होतं. अंगावरचं सोनं घरी ठेवा. काचेच्या बांगड्या तिथं उतरवायला लावतात, तेव्हा जीव चरकतो, आधीच मनाची तयारी करून जा.

आणखी काय सांगू? तुमच्या पिशवीत नेहमी सगळ्यांसाठी सगळं असायचं. शेजारच्या खाटेलाही पुरायचं. ज्याचं त्याला उरलं की नाही, तेवढं पाहायचं राहून गेलं असेल.

प्रकृती जपा. दादाला सांगा, वांगी कोणीही तोडील.

तुमची
सिंधू


लोणार,
गुरुवार, ३० जानेवारी

चि. सौ. सिंधू,

पत्र पोचलं. तुझी यादी तुझ्या दादाला वाचून दाखवली. पट्टीपाशी आल्यावर मला हसू आलं. म्हटलं, पट्टी कशाला, तिथं काय म्हैस बांधायची आहे? आणि चमचा? माझे हात काय गहाण पडलेत? पेज तर वाटीनं पिता येते. उशी घेतली नाही, पिशवीत मावत नाही. तू रागावू नकोस. तू त्या वेळी विशीची होतीस आणि फार सोसलंस, म्हणून तुला एवढं सगळं लागलं. माझ्यासारख्या जुन्या खोडाला काय होतं?

पिशवी भरली एकदाची. खरं सांगायचं तर पिशवीपेक्षा घरच जास्त भरलं. बाई दवाखान्यात जायची म्हणजे तिचं सामान दोन पिशव्यांत होतं आणि मागच्यांची तयारी दोन आठवडे पुरते. ज्वारी दळून ठेवली, तिखट कुटलं, शेंगदाण्याची चटणी केली, तुरीची डाळ निवडली, गोवऱ्या आत घेतल्या. दादाला भाकरी शिकवली. पहिली भाकर त्या नव्या राज्याच्या नकाशासारखी झाली, शाळेच्या भिंतीवर टांगला आहे ना, तशी. एकीकडे लांबच लांब शेपूट, एकीकडे भोक. ती त्यानं गुपचूप खाल्ली आणि म्हणाला, "चालते. पोटात जाऊन कोण पायते?" त्या रात्री मला झोप आली नाही. एवढी वर्षं संसार केला आणि हा माणूस एकटा कसा जेवेल, हे मला माहीत नव्हतं.

तुझ्यापासून लपवून उपयोग नाही म्हणून लिहिते. पोरगा कामाला परगावी असतो आणि शालूही घरात नाही. सातवा लागला तसे तिचे वडील येऊन साखरखेर्ड्याला घेऊन गेले. पहिलटकरीण आहे, तिला अडवणं बरं दिसलं नसतं. जाताना ती रडत होती, मी तिला हसून पाठवलं. रुखमाबाई येते म्हणाली आहे सोबतीला. हात मोडला तेव्हा मी अठरा दिवस राहिले होते तिच्याजवळ, तेव्हा ती काही नाही म्हणणार नाही.

तुझ्या पत्रातली एक ओळ मला कळली नाही. शेजारच्या खाटेला पुरायचं, ज्याचं त्याला उरलं की नाही, असं काहीसं लिहिलं आहेस. तीनदा वाचलं. दवाखान्यात एकमेकींना द्यावं-घ्यावं लागतं, आज आपला चहा, उद्या तिची साखर. पण तुझं काही राहिलं का? राहिलं असेल तर सांगून टाक. ऑपरेशनला जाताना माणसानं पोट रिकामं ठेवावं म्हणतात, मन पण ठेवावं.

तुझी
अंबूवहिनी


मोताळा,
बुधवार, ५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनी,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नसतं विचारलं तर आणखी नऊ वर्षं लिहिलं नसतं.

माझ्या ओटीत आलेल्या हिरव्या खणाचं तुम्ही टोपडं शिवलं होतंत. मोताळ्याहून बुलढाण्याला बैलगाडीतून नेताना मी कळा देत होते आणि तुम्ही पिशवी उघडून मला ते दाखवलं होतंत. म्हणालात, "पाय, हे डोक्याले बांधून घरी न्याचा आहे त्याले." मी त्या टोपड्याकडे पाहत घाट चढले.

मूल गेलं. मला क्लोरोफॉर्म दिलेला, मी त्याचं तोंडही पाहिलं नाही. पाचव्या दिवशी शुद्ध नीट आली तेव्हा मी तुम्हाला विचारलं, टोपडं कुठं आहे? तुम्ही पाठ फिरवून स्टोव्हला पिन मारत होतात. म्हणालात, "अशीन कुठीतरी. माणूस गेलं, टोपड्याचं काय घेऊन बसली?" आणि त्याच दिवशी दुपारी समोरच्या खाटेवरच्या बाईचं मूल पाहिलं. त्याच्या डोक्याला तेच टोपडं होतं. तोच खण, तीच पिवळी नाडी.

वहिनी, तुम्ही दिलदार आहात हे सगळा गाव म्हणतो. पण ते तुमचं नव्हतं द्यायला. मला उराशी धरायला दुसरं काय उरलं होतं? दोन्ही पोरींच्या वेळी मी दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. सुईणीच्या हातून घरातच सुटले. बाजाराला बुलढाण्याला जाते, तरी त्या फाटकाच्या बाजूनं जात नाही, लांबचा रस्ता धरते. सासूबाईंचं दुखणं खरं आहे, पण तेवढंच कारण नाही. माझ्याच्यानं त्या फाटकातून आत पाऊल टाकवणार नाही.

तुमच्या ऑपरेशनच्या तोंडावर हे लिहू नये, कळतं मला. पण लिहिलं. रुखमाबाई येते आहे ते चांगलं झालं.

तुमची
सिंधू


बुलढाणा, दवाखाना,
मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळ

सिंधू,

ही चिठ्ठी मोताळ्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. टपालानं उशीर होईल. तुझं पत्र शनिवारी आलं आणि सोमवारी मी निघाले, ते पोलक्यात ठेवूनच आणलं आहे.

रुखमाबाई आली नाही. तिच्या नातवाला गोवर निघाला, तिचा दोष नाही. तुझा दादा मला सोडून काल शेवटच्या गाडीनं परत गेला. बायकांच्या वॉर्डात पुरुष माणसाला राहू देत नाहीत, आणि मळ्यात तोडा आलेला. जाताना फाटकाशी उभा राहून मागं पाहत होता. मीच म्हटलं, जा आता, गाडी जाईल.

फाटकावरची पाटी बदलली आहे. तू होतीस तेव्हा मध्यप्रदेश लिहिलं होतं, आता महाराष्ट्र. खिडकीवरचे बाबू मात्र तेच. मला पाहून म्हणाले, "या अंबूबाई. या खेपेले कोणाले आणलं?" आणि माझं उत्तर येण्याआधी सोबतीच्या रकान्यात माझं नाव लिहून मोकळे झाले. मी म्हटलं, "मलेच आणलं." ते हसले. मी हसले नाही तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग ते नाव खोडून रोग्याच्या रकान्यात लिहिलं आणि विचारलं, "मंग सोबत कोण?" त्या रकान्यात काल काहीच लिहिलं गेलं नाही.

पुढचं ऐकशील तर तू हसशील. खाट दिली, मी तिच्याखाली सतरंजी अंथरली, पिशवी उशाशी घेतली आणि बसले. सवयीनं. संध्याकाळी सिस्टर फेरीला आल्या, खाट रिकामी पाहून म्हणाल्या, या खाटेवरची बाई कुठं गेली? मी खालून म्हटलं, मीच ती. त्यांनी हात धरून मला वर बसवलं. वर बसले आणि मान वर केली. सिंधू, सात वेळा मी या वॉर्डात राहिले, पण हे छत मी कधी पाहिलं नव्हतं.

मग पिशवी उघडली. सतरंजी, स्टोव्ह, पिन, तवा, भाजणीचं पीठ, चटणी, अडकित्ता, सुपारी, सुई-दोरा, वारा घालायचा पंखा. सगळं खाटेखालच्या बाईचं सामान. खाटेवरच्या बाईचं त्यात एक चिंधीही नाही. तू सगळं लिहून धाडलं होतंस आणि मी त्यावर हसले होते.

आता टोपड्याचं. तुझ्या त्या खणाची मी दोन शिवली होती. एक ओलं झालं तर दुसरं असावं म्हणून. तुला एकच दाखवलं. त्या दिवशी तुझ्या दादाच्या हातात द्यायच्या आधी मी बाळाला कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं आणि टोपडं बांधलं. नाडी सुटेल म्हणून गाठ दोनदा मारली. दादा त्याला मागच्या ओढ्याकाठी घेऊन गेला. बाभळीपाशी कुठं, ते त्याला ठाऊक आहे, त्याला विचार. तो खोटं बोलणार नाही, त्याला येत नाही.

दुसरं पिशवीत राहिलं. समोरच्या बाईचं मूल फेब्रुवारीच्या थंडीत उघड्या डोक्यानं पडलं होतं, तिच्याकडे पोतेऱ्याशिवाय फडकं नव्हतं. गेलेल्या मुलाचं कापड जित्या मुलाला देऊ नये हे मला ठाऊक होतं. तुला विचारायला हवं होतं हेही ठाऊक होतं. पण तू तापात होतीस, आणि मूल निळं पडत होतं. मी दिलं. तू विचारलंस तेव्हा खरं सांगायचं तर पहिल्या टोपड्याचंही सांगावं लागलं असतं, ते सांगायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. म्हणून पिन मारत बसले. त्या स्टोव्हला काहीही झालं नव्हतं. मी चुकले, सिंधू.

डॉक्टरांनी परवा, गुरुवारी ऑपरेशन ठरवलं आहे. पण सोबत असल्याशिवाय ते टेबलावर घेत नाहीत. पोटाचं काम आहे, पाणी पाजायला, कूस बदलायला घरचं माणूस लागतं, बरोबरच आहे त्यांचं. उद्या संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही तर नंबर मागं जाईल, मग एप्रिल. गाठ एप्रिलपर्यंत थांबेल की नाही ते त्यांना सांगता येत नाही.

लोक मला बोलवायचे आणि मी जायचे. कोणाला बोलवावं कसं ते मी कधी शिकलेच नाही. ही चिठ्ठी तीनदा फाडली. तू फाटकातून आत येऊ शकत नाहीस हे वाचलं आहे. तरी लिहिते. ये. मी फार थकले आहे, आणि मला भीती वाटते आहे.

अंबू


मोताळा,
मंगळवार, संध्याकाळ

वहिनी,

चिठ्ठी पोचली. कंडक्टरला थांबवून, त्याच्याच पेन्सिलीनं लिहिते आहे. उद्या पहिल्या गाडीनं येते. चार लुगडी, उशी आणि म्हैस बांधायची पट्टी घेतली आहे. चमचाही.

सासूबाईंना विचारायला गेले, तर मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "जाय बाई. मी काय कुठी पळून जाऊन राह्यली?" चुलत जाऊ बघते म्हणाली त्यांचं.

फाटकापर्यंत मी येईन. पुढचं सांगता येत नाही. आयाबाईला सकाळी नऊच्या सुमारास फाटकाशी उभं करा. तिनं माझा हात धरावा आणि आत आणावं, मी नाही म्हटलं तरी.

बाबूंना सांगा, रकान्यात नाव लिहून ठेवा.

सिंधू


लोणार,
मंगळवार, ३ मार्च

चि. सौ. सिंधू,

घरी येऊन आठवडा झाला. टाके कोरडे आहेत. बसून जेवते. अजून वाकवत नाही, चुलीपाशी दादा असतो. त्याची भाकर आता गोल होते, फक्त एका अंगानं कच्ची. मी काही बोलत नाही. बोलले तर तो म्हणेल, "मंग तूच कर," आणि मला अजून काही दिवस करायचं नाही.

बारा दिवस तू माझ्या सतरंजीवर काढलेस. शुद्धीवर येताना मी काय बोलले ते तू मला निघायच्या दिवशी सांगितलंस. डोळे न उघडताच विचारलं म्हणे, "रोगी कसा हाय? कोणी पाणी पाजलं का त्याले?" आणि तू म्हणालीस, "हाव, पाजलं." मला आठवत नाही. चमच्यानं ओठांवर पाणी सोडलेलं तेवढं आठवतं. चमच्याचं तुझं बरोबर होतं. पट्टीचंही. ती धरून पहिल्यांदा उठले तेव्हा मनात म्हटलं, ही म्हैस आता उठली.

एक सांगायचं राहून गेलं. खाटेवरून खाली पाहिलं की सोबतीच्या बाईचा फक्त भांग दिसतो. तुझ्या भांगाजवळ दोन केस पांढरे झालेत. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा मी या घरात आले आणि पहिल्याच दिवशी तुझी वेणी घातली, त्यानंतर तुझा भांग एवढा वेळ मी पाहिला नव्हता. पडल्यापडल्या वाटायचं, सात जणांनी माझा असा पाहिला असेल, मला एवढी वर्षं वाटत होतं की खाटेखालचं कोणाला दिसत नाही. हे मनात येऊन एका दुपारी मला फार रडू आलं. तू विचारलंस, दुखतं का? मी हो म्हटलं.

निघायच्या दिवशी दादा न्यायला आला तेव्हा तू त्याला बाजूला घेऊन काही विचारलंस. मग तुम्ही दोघं मागच्या बाजूला ओढ्याकडे गेलात. खिडकीतून तुमच्या पाठी दिसत होत्या. परत आलात तेव्हा दादाच्या हातात टोपी होती आणि तुझ्या पायांना माती लागलेली. मी काही विचारलं नाही. एसटीत मात्र दादा मेहकरपर्यंत माझा हात धरून बसला होता, लोकांदेखत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

काल पिशवी रिकामी केली. माझी अडकित्ता-सुपारी जशीच्या तशी परत आली, स्टोव्हची पिन हरवली, ते बरंच झालं. सगळ्यात खाली, सतरंजीच्या घडीत, हिरव्या खणाचं टोपडं निघालं. पिवळी नाडी. शालूच्या बाळासाठी आहे हे कळलं. आठव्या दिवशी दाराजवळच्या खाटेवर ती बाई बाळंत झाली, जिचं मूल बापाच्या धोतरात गुंडाळून ठेवलं होतं, त्या दुपारपासून तू माझी सुई घेऊन, तुझी हिरवी चोळी उसवून, खाली शिवत बसली होतीस. तुला वाटलं मी झोपले आहे.

मी झोपले नव्हते. तू दोन शिवलीस. पिशवीत एकच आहे.

दुसरं कुठं गेलं ते मी विचारत नाही.

तुझी
अंबूवहिनी